पाच जणांचा एक बायोडाटा

सुलोचनाताई पगारे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या डोक्यावर खोकं होतं. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मलाही कळतं. संपादक मंडळाने पाठवलेल्या पत्रात आधी परिचय, मग कार्य, मग मूल्ये, मग आठवणी असा क्रम आखून दिला आहे आणि तो पाळायचा माझा प्रामाणिक इरादा आहे. पण परिचयच खोक्याखाली झाला, त्याला मी काय करू? शिवाय खुद्द ताईंनी फोन करून दम भरला आहे: "काशिनाथ, मला दीपस्तंभ-बिपस्तंभ म्हणालास तर मी समारंभाला येणार नाही. जे झालं ते लिही आणि थांब." जे झालं ते लिहितो. थांबण्याचं बघू.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणारा हा ग्रंथ ज्यांच्या हाती पडेल, त्यांतले निम्मे लोक ताईंच्या नाशिक रोडच्या गॅलरीत कधी ना कधी पोहे खाऊन गेलेले असतील. उरलेल्यांसाठी सांगतो. ताई सातपूरच्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होत्या. अर्ज वाचणं, मुलाखती घेणं, माणसं निवडणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावरही त्यांनी ते काम सोडलं नाही, फक्त टेबलाच्या अलीकडच्या बाजूला येऊन बसल्या. हरसूल, पेठ, सुरगाणा या डोंगराकडच्या पट्ट्यातून शिकून आलेल्या मुलामुलींना शिक्षणाला साजेशी नोकरी कशी शोधायची, अर्ज कसा करायचा, मुलाखतीत काय बोलायचं, हे त्या दर रविवारी सकाळी आपल्या गॅलरीत बसून शिकवतात. संस्था नाही, फलक नाही, उद्घाटन तर नाहीच नाही. एक सतरंजी, चार खुर्च्या आणि चहाचं मोठं पातेलं, एवढाच सगळा कारभार.

मी त्याच पट्ट्यातला. हरसूलच्या पलीकडे आमचा पाडा आहे. आम्ही कोकणा समाजाचे. घरी भात आणि नागली, आणि दसरा झाला की अख्खी टोळी ट्रकमध्ये बसून दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या छाटणीला. माझा बा त्या टोळीचा मुकादम होता. बागायतदाराशी बोलणं, माणसं जमवणं, कोण आजारी, कोण रुसलं, सगळं त्याच्या गळ्यात. मी नाशिकला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला तेव्हा बाला वाटलं, आता पोरगं साहेब होणार. त्यानंतर अकरा महिने गेले. अर्ज करायचे आणि वाट बघायची. बाने शेवटी निरोप धाडला, "दसऱ्यापर्यंत बघ. नाय जमलं तर टोळी तू घे. माझे गुडघे गेले, आन् तुला लिव्हता-वाचता येतं." तो रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो. पण तो नुसता थकून बोलला होता. आणि टोळी एकदा अंगावर घेतली की तीस-पस्तीस माणसांची चूल तुमच्या भरवशावर पेटते. मुकादम मग नोकरी शोधायला जात नाही. दसरा ही माझ्यासाठी शेवटची तारीख होऊन बसली होती.

उत्तरं का येत नव्हती, ते आता सांगताना हसू येतं. पंचवटीत आम्ही पाच जण एका खोलीत राहत होतो. पाचही डोंगराकडचे, पाचही डिप्लोमावाले. इंटरव्ह्यूचा शर्ट एक, बुटांचा जोड एक, पत्ता एक, आणि बायोडाटाही एकच. आमच्यातल्या देवराम गावितने कॉम्प्युटरच्या दुकानात बसून तो झकास टाइप करून घेतला होता. वरचं नाव तेवढं बदलून आम्ही पाच प्रती काढल्या. पाचांचे छंद सारखे, ध्येय सारखं. देवरामने एका वर्कशॉपमध्ये लेथवर सहा महिने काम केलं होतं, तो अनुभवही पाचांच्या कागदावर. शपथेवर सांगतो, यात लबाडी आहे असं आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही. टोळीत असंच असतं. एकाकडे धारेची कात्री असली की टोळीकडे कात्री आहे म्हणतात. एकाच पत्त्यावरून, एकाच मजकुराचे पाच अर्ज बघून कंपनीवाल्यांना काय वाटत असेल, हा विचार आम्हाला शिवला नव्हता.

अखेर ताईंच्या कारखान्यातून मला मुलाखतीचं पत्र आलं. मेंटेनन्स विभागात एक जागा होती. पत्र माझ्या नावाचं, पण बोलावणं आलंय म्हटल्यावर आम्ही पाचही जण निघालो. एकट्याने कसं जायचं? सातपूरच्या गेटवर वॉचमनने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्या दिवशी ठेकेदाराकडून पाच हमाल यायचे होते. "ठेकेदाराची माणसं ना? मागच्या गेटला जा. गाडी कधीची उभी आहे!" आम्ही गेलो. कुणी मोठ्या आवाजात सांगितलं की जायचं, एवढंच आम्हाला माहीत. मी पत्र दाखवायला खिशात हात घातला, तर देवराम हळूच म्हणाला, "राहू दे. आधी प्रॅक्टिकल घेत असतील."

हसू नका. डिप्लोमाला प्रत्येक विषयाचं प्रॅक्टिकल असायचं, त्यामुळे आम्हाला ते लगेच पटलं. मी अंगातला इंटरव्ह्यूचा शर्ट काढून घडी घालून कठड्यावर ठेवला, त्यावर फाइल ठेवली आणि आम्ही पाचही जण खोकी उतरवायला भिडलो. मार्क कमी पडायला नकोत म्हणून मी तर दोन-दोन खोकी उचलत होतो.

मुलाखत अकराची होती. सव्वाअकरा झाले तरी उमेदवाराचा पत्ता नाही, म्हणून ताई स्वतः बाहेर आल्या. आवारातून येताना त्यांना कठड्यावरचा घडीचा शर्ट आणि प्लास्टिकच्या पिशवीतली फाइल दिसली. हमाल कधी फाइल घेऊन येत नाही. त्या आमच्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "यात भोये कोण?" तिघांनी हात वर केले. आमच्याकडे भोयेंना तोटा नाही. "काशिनाथ भोये!" मग मी खोक्याखालूनच म्हणालो, "हजर."

ताईंनी वॉचमनकडे एकदाच पाहिलं, पण असं पाहिलं की तो बिचारा पुढे मला कधीही भेटला की सलाम ठोकायचा. मग माझ्याकडे वळून त्या शांतपणे म्हणाल्या, "खोकं खाली ठेवा. हात धुवा, पाणी प्या, शर्ट घाला आणि आत या. आम्ही थांबतो." अकरा महिन्यांत मला 'आम्ही थांबतो' असं कुणीच म्हणालं नव्हतं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हात धुण्याच्या निमित्ताने मी तोंडही धुऊन घेतलं.

आत ताई आणि मेंटेनन्सचे साहेब असे दोघे बसले होते. साहेबांनी विचारलं, "लेथवर सहा महिने काम केलंय तुम्ही. आटे कसे पाडता, सांगा." मी कॉलेजात शिकलेलं थोडंफार बोललो आणि अडलो. मग म्हणालो, "हे देवरामला विचारा साहेब. ते काम त्यानं केलंय."

"मग तुमच्या बायोडाटात कसं आलं?"

"बायोडाटा आमचा पाचांचा एकच आहे."

"म्हणजे खोटं लिहिलंय तुम्ही!"

"खोटं नाय साहेब. सामायिक."

साहेबांनी कपाळाला हात लावला. ताईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "देवराम कुठे आहेत?" मी म्हणालो, "बाहेर. खोकी उतरवतोय." ताईंनी देवरामला आत बोलावलं. अर्ध्या तासाने त्याची निवड झाली होती.

जाताना ताईंनी माझ्या हातात घरच्या पत्त्याची चिठ्ठी दिली. म्हणाल्या, "रविवारी दहा वाजता. देवराम सोडून चौघे या. प्रत्येकाने आपापला कागद आणायचा, आणि तो कोरा पाहिजे." बसमध्ये देवरामने माझं तिकीट काढलं. मग म्हणाला, "काशी, तू जा कामावर. मी सांगतो त्यांना, माझ्याच्यानं नाय होनार." मी त्याला जी शिवी दिली ती या ग्रंथात बसणार नाही. जागा त्याचीच होती, मला मनापासून पटलं होतं. पण खोलीवर आल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडलो, तो दुसऱ्या दिवशीच उठलो. दसऱ्याला पाच आठवडे उरले होते आणि आता माझ्याकडे देवरामचा अनुभवही नव्हता.

रविवारी गेलो. ताईंनी पोहे दिले आणि म्हणाल्या, "जे फक्त तू केलं आहेस, तेच लिही. दुसऱ्याचं एक अक्षर नको." (घरात पाऊल टाकल्यापासून त्या मला अरे-तुरे करू लागल्या, ते आजतागायत.) तासाभराने त्यांनी कागद मागितला. त्यावर माझं नाव आणि जन्मतारीख होती.

"एवढंच? चोवीस वर्षं काय केलंस बाबा?"

"तसं खास काय नाय केलं."

"बरं. गावात काय बिघडलं की लोक तुला हाक मारतात?"

"इंजिन. नाल्यावरची पाण्याची इंजिनं. आन् भाताची गिरणी."

"कधीपासून?"

"आठवीत व्हतो तवापासून."

ताईंनी चहाचा कप खाली ठेवला. "आणि ती दुरुस्त होतात?" मी म्हणालो, होतात की. वायसर नसेल तर सायकलच्या ट्यूबचं कापून घालतो, पट्टा तुटला तर शिवतो, नोझल धुतो. गेल्या पावसाळ्यात गिरणीचं शाफ्ट वाकलं, ते काढून त्र्यंबकला नेऊन सरळ करून आणलं. ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अरे शहाण्या, मग हे कुठे लिहिलंय?" मी म्हणालो, "ते घरचं आहे, ताई. त्याला कोण अनुभव म्हणतं?" त्यावर त्यांनी मला जे झापलं, ते ऐकून शेजारच्या बाई गॅलरीत आल्या. मेंटेनन्सच्या नोकरीसाठी आलेला मुलगा दहा वर्षं मेंटेनन्सच करत होता आणि बायोडाटात छंद म्हणून क्रिकेट लिहीत होता, यावर ताईंचा विश्वास बसेना.

मग पत्त्याची पाळी आली. मी पंचवटीचा लिहिला होता. ताईंनी तो खोडला. "तुझं घर कुठे आहे?" मी म्हणालो, पाड्याचं नाव बघितलं की अर्ज बाजूला ठेवतील. तेव्हा ताईंनी स्वतःचं सांगितलं. त्या मनमाडच्या. वडील रेल्वेत कामाला, घर बौद्ध वस्तीत. पहिला अर्ज केला तेव्हा कुणीतरी सल्ला दिला म्हणून त्यांनी एका मैत्रिणीचा पत्ता टाकला होता. नोकरी लागली. पुढे ऑफिसातल्या बायका हळदीकुंकवाच्या दिवसांत घरी येतो म्हणाल्या की ताईंना धडकी भरायची. वर्षभर त्या आज पाहुणे आहेत, उद्या रंगकाम आहे, अशा थापा मारत राहिल्या. एक दिवस वैतागून सगळ्यांना खरा पत्ता दिला आणि घरी बोलावलं. "दोघी आल्या नाहीत, बाकीच्या आल्या. पण त्या रात्री मला जी झोप लागली ना, तशी वर्षभर लागली नव्हती. तू असली उठाठेव करायचीच नाही. तुझा पत्ता लिही."

त्याप्रमाणे मी खरा पत्ता आणि खरा अनुभव लिहून अर्ज केले. अंबडच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. या वेळी एकटा गेलो, देवरामचे बूट तेवढे घातले होते. तिथले साहेब शेतकरी घरातले निघाले. "इंजिन तापून बंद पडलं तर आधी काय बघशील?" एवढंच त्यांनी विचारलं आणि मी जो सुटलो तो त्यांनी चहा मागवेपर्यंत थांबलो नाही. "पत्राने कळवू," ते म्हणाले. मी खोली सोडून पाड्यावर जाऊन वाट बघत बसलो. एक आठवडा गेला, दुसरा गेला. दसरा झाला. पत्र आलं नाही.

हरसूलच्या बाजाराच्या दिवशी टोळीचा ट्रक निघायचा होता. बाने आदल्या दिवशी माणसांची यादी माझ्या हातात दिली. मी ती खिशात घातली. बाजारात ट्रकपाशी उभा राहून मी नावं पुकारत होतो. बाया भांडीकुंडी चढवत होत्या, वळकट्या फेकल्या जात होत्या, आणि चाकाची हवा गेली म्हणून ड्रायव्हर चरफडत होता. लोक मला आतापासूनच "मुकादम, मुकादम" म्हणून हाका मारत होते.

तिकडे नाशिकला काय घडत होतं, ते मला मागाहून कळलं. अंबडच्या कारखान्यातल्या पर्सोनेलवाल्यांनी ओळखीने ताईंना फोन केला होता, "तुमचा तो भोये येणार आहे की नाही? पत्र जाऊन दोन आठवडे झाले. सोमवारी हजर नाही झाला तर आम्ही पुढच्या उमेदवाराला बोलावतो." चूक माझीच होती. घरी असं पत्र कधी आलेलंच नव्हतं, त्यामुळे पत्त्यात तालुका लिहायचा असतो हे माझ्या ध्यानात आलं नाही. आमच्या पाड्याच्या नावाचा दुसरा पाडा पेठ तालुक्यात आहे आणि माझं पत्र तिकडे जाऊन बसलं होतं. देवराम तोवर ताईंच्या कारखान्यात रुजू झाला होता. त्याने ताईंना सांगितलं की ट्रक बाजारातून सुटतो, आणि मी जातो म्हणाला. ताई म्हणाल्या, "तुझं ट्रेनिंग चाललंय, तू कामावर जा. खरा पत्ता लिहायला मी लावला. मीच जाणार." त्यांनी रजा टाकली, अंबडला जाऊन पत्राची दुसरी प्रत घेतली आणि त्र्यंबकमार्गे एसटीने हरसूल गाठलं. त्याआधी त्या हरसूलला कधीही आलेल्या नव्हत्या.

मी यादीतून मान वर केली तर समोर ताई. कडक इस्त्रीची सुती साडी, हातात पर्स, कपाळावर घाम. मी थिजलोच. त्या माझ्याशी न बोलता आधी बाच्या समोर गेल्या. "तुम्हीच भोये मुकादम ना? मी नाशिकहून आले. तुमच्या मुलाला नोकरी लागली आहे." आणि पत्र बाच्या हातात दिलं. बाला वाचता येत नव्हतं. त्याने पत्र उलटंसुलटं करून पाहिलं, मग माझ्याकडे दिलं. "वाच. मोठ्यानं." मी वाचलं. भर बाजारात, ट्रकमधली तीस-पस्तीस माणसं ऐकत असताना वाचलं. दुसऱ्या ओळीला माझा आवाज गेला, तेव्हा पुढचं ताईंनी वाचून दाखवलं. वरून आमची मावशी म्हणाली, "म्हंजे आता ह्यो येत नाय?" आणि सगळा ट्रक हसला.

बा एवढंच म्हणाला, "यादी आन इकडं."

मी यादी दिली. हात हलके झाले म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. मग मी ट्रकच्या आडोशाला गेलो आणि ढसाढसा रडलो, यात लपवण्यासारखं काही नाही. परत आलो तर ताई एका गोणीवर बसून बायांनी दिलेली नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खात होत्या आणि ठसका लागून त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एसटीत बसताना त्यांनी मला बजावलं, "सोमवारी सकाळी आठला. आणि एकटा ये रे बाबा."

तेव्हापासून मी नोकरीत आहे. आज त्याच कारखान्याच्या मेंटेनन्स विभागाचा प्रमुख आहे, देवरामही सातपूरला मोठ्या हुद्द्यावर आहे, बाकीचे तिघेही मार्गी लागले. संपादकांनी 'मूल्ये' मागितली आहेत, म्हणून माझ्याच फजितीचा आणखी एक प्रसंग देतो. काही वर्षांपूर्वी मी स्वतः मुलाखती घेऊ लागलो होतो. सुरगाण्याकडचा एक मुलगा आला. पूर्ण वेळ जमिनीकडे बघत होता, विचारलं तेवढंच बोलत होता. मी शेरा मारला, 'आत्मविश्वास कमी'. रविवारी ताईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की आता मीही तुमच्यासारखी माणसं पारखतो. त्या म्हणाल्या, "गावात काय बिघडलं की त्याला बोलावतात, हे विचारलंस?" मी म्हणालो, नाही. "मग काय पारखलंस, कप्पाळ?" दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मी परत बोलावलं. आज तो माझ्या हाताखालचा सगळ्यात भरवशाचा माणूस आहे. मात्र वशिल्याच्या बाबतीत ताई दगडासारख्या कठोर आहेत. माझ्या चुलतभावासाठी 'नुसता एक शब्द टाका' म्हणून मी गळ घातली, तेव्हा त्यांनी दोन रविवार मला चहा दिला नव्हता. भावाला मात्र त्याच दोन रविवारी बसवून अर्ज लिहायला शिकवलं.

आता काळ बदलला. मुलाखती मोबाइलवर होतात. परवा पेठकडची एक मुलगी, फार्मसी झालेली, टेकाडावर रेंज मिळते म्हणून तिथे बसून मुलाखत देणार होती. मागची कुडाची घरं दिसू नयेत म्हणून तिने तिथे बॅनर टांगायचा घाट घातला होता. ताईंनी फोनवर तिला सांगितलं, "बॅनर काढ. त्यांना सरळ सांग, की मी टेकडीवर बसले आहे, कारण इथे रेंज येते. कामासाठी टेकडी चढणारी मुलगी कुणाला नको असेल?" मुलाखत चालू असताना मागून कोंबडी गेली, मुलगी ओशाळली, समोरचे हसले आणि नोकरी तिला मिळाली. ताईंनी ही हकिगत मला तीनदा सांगितली आहे, आणि दर वेळी कोंबडीपाशी पोचल्या की त्यांना हसू आवरत नाही.

शेवटी शुभेच्छा. इथे माझी पंचाईत झाली. ताई माझ्याहून जवळजवळ तीस वर्षांनी मोठ्या, त्यांना दीर्घायुष्याचा आशीर्वाद देणारा मी कोण? तो वडीलधाऱ्यानेच द्यावा. म्हणून गेल्या महिन्यात मी पाड्यावर गेलो. माझा बा ताईंहून तीन वर्षांनी मोठा आहे. ओट्यावर बसला होता. मी वही काढून म्हणालो, "बा, ताईंना पंच्याहत्तर झाली. तुझा आशीर्वाद सांग, छापायचा आहे."

बाने माझ्या हातातल्या वहीकडे बोट केलं. मग म्हणाला, "लिव्ह. ट्रकच्या चाकातली हवा मीच सोडली व्हती."

मला काही समजेना. कुठला ट्रक, कुठलं चाक?

"तू नावं पुकारत व्हतास ना, बाजारात. ड्रायव्हर सकाळपास्नं निघू-निघू करत व्हता. म्या म्हनलं, टपालवाला दुपारी येतो, तवर थांबवावं. मंग एका चाकाची हवा सोडली. त्यानं भरून आनली. टपालवाला आला, गेला, कायच नाय. मंग दुसऱ्या चाकाची सोडली."

"आन् मला निरोप धाडला होतास, दसऱ्यापर्यंतच बघ म्हणून!"

"म्हननारच. तीस घरं वाट बघत व्हती, त्यांचं काय? पन तुला त्या ट्रकात चढवायला माझे हात येत नव्हते. तिसऱ्या चाकापाशी बसलो व्हतो, तवा ती बाई आली."

मी वही मिटली. बाने ती परत उघडायला लावली आणि आशीर्वाद नीट सांगितला. एक शब्द न बदलता इथे उतरवतो:

"बाई, लय जग. गुडघे सांभाळ, जिने कमी चढ. आन् काम सोडू नको. अजून कुनाचा तरी बा असाच चाकापाशी बसला आसंल."